मध्ये लेक नसताना

३ मार्च, मंगळवार

हे घरी आहेत! संध्याकाळी, दिवेलागणीला, खुर्चीत पाय पसरून! बेकरीत नवीन भट्टी आली आणि रात्रपाळी कायमची बंद झाली. इतकी वर्षं हे रात्रभर पाव भाजून सकाळी घरात यायचे, तेव्हा मी कारखान्यात कापड बेतायला घराबाहेर. दारातच काय ती गाठ. यांच्या कानात पीठ, माझ्या दातात पिन. झाला संसार!

आज समोरासमोर बसलो. मी म्हटलं, चहा? ते म्हणाले, चालेल. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. मग त्यांनी पंखा पुसायला घेतला.

५ मार्च, गुरुवार

लिहायलासुद्धा लाज वाटते. आज मी परगावी लेकीला फोन करून सांगितलं — बाबांना म्हणावं दुधाकडे बघा, मी आंघोळीला चाललेय. आणि हे शेजारच्या खोलीत! दोन मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. 'बरं' म्हणाले, उठले, गॅस बंद केला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलंच नाही. लेकीनं मात्र नंतर मला पुन्हा फोन करून विचारलं, बाबा कुठे होते गं तेव्हा?

सवयच तशी पडलीय. ती बोलायला लागली तेव्हापासून आमचं टपाल तिच्याकडे. बाबा उठले की त्यांना सांग, आई आली की तिला सांग. शाळेत कुणी यायचं, कुणाचं पोट बिघडलंय, कोण कुणावर चिडलंय — सगळं तिच्या हाती द्यायचं आणि कामाला पळायचं. पोर कधी विसरली नाही म्हणून चारचौघांत कौतुक करायचो.

८ मार्च, रविवार

लेकीनं आज फर्मान काढलं. सातवा महिना लागलाय तिला. बाळंतपण झालं की बदली घेऊन इथेच येणार, जवळपास घर बघणार. बाळ दिवसा आमच्याकडे. मी तोवर काम सोडलेलं असेल, हेही दुपारी मोकळे. ऐकून मी तर हवेतच! तर म्हणे, एक अट आहे. वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी कुटुंबजीवन शिक्षणाचा वर्ग भरतो, तिथे तुमची दोघांची नावं दिलीत.

मी म्हटलं, अगं, लग्नाला उभी राहिलेली पोरं जातात तिथे. आमचं आता काय शिकायचं राहिलंय?

"एकमेकांशी बोलायचं राहिलंय, आई. नाही जमलं तर बाळ पाळणाघरात ठेवीन मी. मला माझ्या बाळाचा टपालवाला नाही करायचा."

आवाज चढवला नाही तिनं. मला इतकं लागलं की फोन यांच्या हातात कोंबला आणि दुधी चिरायला बसले. यांना वाटलं, कांद्यानं डोळ्यांत पाणी आलं. दुधीला!

१५ मार्च, रविवार

गेलो बाई एकदाचे. आम्ही आत शिरलो तर पोरं उठून उभी राहिली — त्यांना वाटलं शिकवणारे आम्हीच! शिकवणाऱ्या बाई प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. मी समजले होते प्रवचन असेल. तसलं काही नाही. घरात कोण काय करतं, भांडण कुठे थांबवायचं, नको असेल तर नको कसं म्हणायचं, आपण बोलत असताना मूल काय काय ऐकतं. साधंच सगळं. पण हे मला विसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

बाईंनी यांना विचारलं, बायकोला काय आवडत नाही? यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मुलीला विचारून सांगतो." अख्खा वर्ग हसला. हे हसले नाहीत. येताना सगळा रस्ता मान खाली घालून चालत होते.

घरचा अभ्यासही दिलाय. रोज थोडा वेळ बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि बोलायचं.

१७ मार्च, मंगळवार

बसलो. नव्या भट्टीचा आवाज येत नाही म्हणाले. मी म्हटलं, अरे वा.

१९ मार्च, गुरुवार

आज गाडी जरा पुढे सरकली. जुन्या भट्टीशी हे बोलायचे म्हणे! रात्री कुणी नसायचं ना सोबतीला. 'चल गं बाई, ताप लवकर' असं. आणि मला इकडे 'चालेल' आणि 'बरं'! भट्टीचा हेवा वाटला मला, काय सांगू.

मग त्यांनी विचारलं, इतके थर एकावर एक ठेवून कापड कापतेस, खालचं सरकत नाही? जुनी चादर आणली, घड्या घालून दाखवलं. त्यांनी कडा धरल्या. माणसाचे हात किती हलके आहेत! कापड जरासुद्धा ओढलं नाही. मी उगाचच दोनदा दाखवलं.

२२ मार्च, रविवार

कुठून सुरुवात करू कळत नाही.

बाईंनी सांगितलं, जोडीदाराचं मनात जपून ठेवलेलं एक वाक्य सांगा. माझं तर तयारच होतं. एकदा माझ्या हातून कापडाचा अख्खा गठ्ठा उलटा कापला गेला होता. मालक सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. उद्यापासून जायचंच नाही असं ठरवलं होतं. तेव्हा लेक तिसरीत. उशाशी येऊन म्हणाली, बाबांनी निरोप ठेवलाय — आईला सांग, तिच्यासारखा हात कुणाचा नाही. दुसऱ्या दिवशी उठले आणि गेले. त्या एका वाक्यावर पुढची सगळी वर्षं कामावर गेले!

हे माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "मी असं म्हटलं नव्हतं गं."

मी काही विचारणार, तेवढ्यात त्यांची पाळी आली. त्यांनी सांगितलं, हात भाजून घरी बसलो होतो, तेव्हा हिनं निरोप धाडला होता — बाबांना सांग, ते घरी असले की घर गरम असतं.

मी कधीच असं म्हटलं नाही. मला सुचलंच नसतं.

तिसरीतली पोर! आम्ही तिच्या हाती राग द्यायचो, आणि ती वाटेत तो टाकून देऊन पदरचं काहीतरी आणायची.

येताना यांच्यावरच भडकले. एवढं खरं बोलायची काय गरज होती? जपलं होतं ना मी!

२४ मार्च, मंगळवार

लेकीला विचारलं. नाही म्हणाली नाही. तुम्ही द्यायचात ते जसंच्या तसं नेलं असतं तर घरात उरलं काय असतं, असं म्हणून हसली. मला काही हसू येईना. पोरीनं एकटीनं आमचा संसार केला आणि आम्हाला पत्ता नाही.

यांना सांगितलं. तोंडानं सांगितलं, समोर बसून. जेवण दोघांनाही गेलं नाही.

२६ मार्च, गुरुवार

चहा गाळता गाळता हे म्हणाले, "म्हटलं नव्हतं मी. पण तुझ्यासारखा हात खरंच कुणाचा नाही. आता म्हणतो."

बोलले ते शेगडीकडे बघून. अर्धा चहा ओट्यावर गेला. जाऊ दे. मी पुसला.

मग मलाही काहीतरी द्यायला हवं होतं. घर गरम होतं ते वाक्य लेकीचं, ते नको. माझं असं सांगितलं — तुम्ही दिवसा झोपायचात त्या उशीवर मी रात्री डोकं ठेवायचे, तिला पावाचा वास यायचा. म्हणून अभ्रा मी मुद्दाम उशिरा धुवायचे. तुम्हाला वाटायचं मी आळशी.

कानाच्या पाळ्या लाल झाल्या यांच्या! या वयात! त्या भरात चक्क माझ्या डोक्यावर टपली मारली आणि चप्पल घालून उगाचच बाहेर चक्कर मारून आले.

रात्री अंधारात पडल्या पडल्या बोलत होतो. काय ते आठवत नाही. खूप हसलो एवढं आठवतं.

२९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. मी सुटलेच — आम्ही बोलतो गं आता, भांडतोसुद्धा, तू आपली बदलीच्या मागे लाग! तिनं मला मध्येच थांबवलं. मग म्हणाली, जावयांना बदलीचं तिनं अजून सांगितलेलंच नाही. बाळ आमच्याकडे ठेवायचं, हेही नाही. रोज ठरवते म्हणे, पण तोंडच उघडत नाही.

"तुमचं सगळं बोलले मी, आई. माझं कसं बोलायचं तेच येत नाही. तू सांगशील त्याला?"