राखीव पाण्यापलीकडचं बेट

१४ नोव्हेंबर १९५७
काल तपासणीहून परतलो. पाठ अजून धरलेली. एन्नूरच्या उत्तरेचं ते खारं सरोवर अर्धं आपल्या मद्रास राज्यात, अर्धं आंध्रात. आपला कंपाउंडर माणिक्कम दवाखान्याची होडी घेऊन अलीकडची बेटं फिरतो. पलीकडच्या कंपाउंडरला, सुब्बय्याला, होडीच नाही. कोळ्यांच्या वल्लमातून, अरुंद डोंगीतून, येतो बिचारा. दर मंगळवारी दोघं हद्दीच्या खांबापाशी भेटतात. सलाइन, लस, गोळ्या, ज्याच्याकडे जे असेल ते दुसऱ्याला. कुणी फार आजारी असला तर आपल्या होडीत घालून आपल्या दवाखान्यात.
कागद कुठेच नाही. विचारलं, "हुकूम कोणाचा?"
माणिक्कम म्हणाला, "सार, विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही."
अहवालात यातलं काही लिहिलं नाही.

२ डिसेंबर
जंगल खात्याचं पत्र. मधलं बेट आणि भोवतालचं पाणी करकोच्यांसाठी राखीव झालंय. वीण संपेपर्यंत सर्व होड्यांना बंदी, कोळ्यांच्याही. माणिक्कमची होडी तिथूनच जाते, हद्दीचा खांबही त्याच पाण्याच्या पलीकडच्या टोकाला.
रेंजर स्वतः ऑफिसात आला. हळू बोलणारा माणूस. "एक होडी गेली की सगळे पक्षी उठतात, तेवढ्यात कावळे अंडी उचलतात. दवाखान्याला माझा विरोध नाही. लेखी संमती मागा, मी देतो."
आमच्या आरोग्य खात्याच्या सुपरिंटेंडेंटना पक्ष्यांचं काही नाही. सरकारी होडी दुसऱ्या राज्यात जाते हे त्या पत्रात आलं, त्याची धास्ती. "राव, मेमो तयार करा. कडक."

३ डिसेंबर
मेमो गेला. दोन्ही राज्यांच्या लेखी संमतीशिवाय होडीने कोणत्याही कारणास्तव हद्द ओलांडू नये, राखीव पाण्यात शिरू नये. 'कोणत्याही कारणास्तव' हे माझं. सुपरिं. म्हणाले, "तुमचं ड्राफ्टिंग म्हणजे बघायला नको." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
सोबत आंध्रला पाठवायच्या पत्राचा मसुदाही ठेवला होता. दोन्हीकडच्या बेटांना मिळून एकच होडी, महिना महिना पाळीने. "योग्य वेळी," म्हणाले, आणि फाईल खालच्या खणात.

१९ डिसेंबर
आठवडाभर पाऊस. माणिक्कमची तार: पलीकडच्या बेटावर कॉलरा. जाण्यास परवानगी द्यावी.
तार घेऊन आत गेलो. सुपरिं. म्हणाले, "पलीकडचं पलीकडचे बघतील. आधी विचारणा करा." आंध्रला तार केली. रेंजरलाही निरोप. त्याची संमती चारच्या आत हातात. आंध्रचं उत्तर नाही.

२१ डिसेंबर
उत्तर नाही. दुसरी तार केली. माणिक्कमचीही दुसरी आली, तेच शब्द.
संध्याकाळी मैलापूरला घरी येताना तारऑफिसवरून आलो. दार उघडं होतं. 'जा' एवढंच लिहायचं. उभा राहिलो थोडा वेळ. मग सरस्वतीने सांगितलेली कढीपत्त्याची जुडी घेतली आणि घरी आलो.

२६ डिसेंबर
आंध्रची संमती आली. अगदी सौजन्याची भाषा. माणिक्कम त्याच दुपारी गेला असणार.

२९ डिसेंबर
माणिक्कमचं पोस्टकार्ड. सुब्बय्या २४ ला कॉलऱ्याने गेला. बेटावरची आणखी नऊ.
जेवण गेलं नाही. सरस्वतीला अंगात कसर आहे म्हणून सांगितलं.

३ जानेवारी १९५८
रजा टाकून सरोवरावर गेलो. माणिक्कम किनाऱ्यावर बसून होडीत साठलेलं पाणी उपसत होता. उठला नाही. एरवी उठतो.
मी विचारल्यावर सांगितलं. सुब्बय्या दोन दिवस सकाळी वल्लमातून खांबापर्यंत आला, बरोबर कोणीतरी आडवं घातलेलं. कोळी त्यापुढे यायला तयार नव्हते, होड्या जप्त होतील म्हणून. "पहिल्या दिवशी त्याने हात हलवला. दुसऱ्या दिवशी नुसता उभा राहिला. मी इकडे, आमच्या हद्दीत. सलाइनच्या बाटल्या होडीत भरून ठेवलेल्या, सार. तिसऱ्या दिवशी वल्लम आलंच नाही."
"तू गेला असतास तर..." मी म्हणालो आणि थांबलो.
"मेमो खिशात होता."
लांबून बेट पाहिलं. झाडं पांढरी झालेली, पिलांची कलकल इथवर. यंदा वीण चांगली झाली म्हणतात.
माणिक्कमला सांगितलं नाही, मेमो कोणी लिहिला ते. खाली सही सुपरिं.ची. त्याला माहीत असेल का?

२० जानेवारी
बेटावरच्या मृत्यूंची चौकशी लागली. सुपरिं.नी दार लावून घेतलं. "राव, १९ तारखेला मी तोंडी परवानगी दिली होती. तुम्ही ती कळवलीत. आठवतं ना?"
माणिक्कमच्या गावात टेलिफोन नाही, म्हणालो.
"कोणातरी माणसाबरोबर निरोप गेला. विसरला असाल."
म्हणजे होडी नेली नाही हा दोष माणिक्कमचा. नोकरी जाईल, कदाचित खटलाही.
घरी सांगितलं. सरस्वती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग, "तुमचं नाव येईल का हो त्यात?"
तो मेमो माझाच आहे, म्हणालो.
"दोघी लेकींची लग्नं व्हायचीत." थोड्या वेळाने म्हणाली, "त्या सुब्बय्याला कोण कोण होतं?"
मी विचारलंच नव्हतं.

४ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर.
साडेअकराला मला आत घेतलं. सुपरिं. शेजारच्या खुर्चीवर, पाय हलवत. अधिकारी वयस्क, कानाने जरा मंद. मेमो पुढे केला. "हा मसुदा कोणाचा?"
"माझा."
पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं, मोठ्याने. दार उघडंच होतं. बाहेर माणिक्कम बसलेला.
"यानंतर १९ डिसेंबरला तोंडी परवानगी कळवली होती का?"
तेवढ्यात शिपाई आला, साहेबांचं जेवण आलंय. कागद मिटले. दोनला पुन्हा.
बाहेर आलो. माणिक्कमने बाकावर सरकून जागा दिली. डब्यातला दहीभात निम्मा झाकणात काढून माझ्यासमोर ठेवला. काही वेळ दोघंही जेवलो.
मग म्हणाला, "ऐकलं, सार."
मी झाकण पुसून त्याच्या हातात दिलं.
"पुढे काय विचारलं?"
अजून उत्तर द्यायचंय, म्हणालो.
दोनला पाच कमी. शिपाई हाक मारतोय.