बारवेच्या पाण्यातलं दूध

आबा, चूक माझी नव्हती. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, "ह्यानंच धाकट्या बहिणीला अनवाणी कांद्याच्या वाफ्यात नेलं, तिथंच तिच्या पायात नारूचा किडा शिरला." मी नाय म्हणालो की कानफटात. आता मला खरं कळलंय, तर भांडायला तुम्हीच राहिला नाहीत.

मी राजस्थानात बोरिंगच्या गाडीवर आहे. हातपंपासाठी जमिनीला भोकं पाडत गावोगाव फिरायचं. आत्ताच्या गावात आपल्यासारखीच पायऱ्यांची बारव आहे आणि घराघरात नारू आहे. काल सरकारी दवाखान्याचा माणूस आला. एका म्हाताऱ्याच्या घोट्यावरचा फोड फुटून नारूचं टोक बाहेर आलं होतं, पांढरं, शेवईसारखं. त्या माणसानं म्हाताऱ्याचा पाय बादलीतल्या गार पाण्यात ठेवला. थोड्या वेळानं टोकातून दुधासारखं काहीतरी सुटलं आणि पाण्यात पसरलं. "ये दूध नहीं है," तो सगळ्यांना म्हणाला, "बच्चे हैं इसके. हजारों." पाण्यात पिसवांसारखे बारीक जीव असतात, ते ही पिल्लं गिळतात. माणूस ते पाणी पितो. वर्षभर किडा अंगात वाढतो, हातभर लांब होतो आणि मग पायातून बाहेर पडतो. बाहेर पडतो, आबा. शिरतो तोंडातून. मी बादलीवर वाकलो तो वाकलोच. आमचा मिस्त्री हसला, "क्या रे नासिकवाले, भूत देख लिया?"

भूतच पाहिलं. त्या बादलीत मला आपली बारव दिसली. तुमच्या पायाला नारू आलाय, पायाची आग आग होतेय. किडा काडीला गुंडाळलाय, रोज बोटभर ओढायचा, तुटला तर पाय जाईल म्हणून तुम्ही श्वास धरून बसता. नारूवाल्याला बारवेच्या शेवटच्या पायरीवर बसवायची आपल्या गावची रीत. तुम्हाला मी पाठुंगळी घेऊन उतरतोय, लोक वाट सोडतात, बायका घागरी बाजूला घेऊन म्हणतात, "बसा आबा, पाय सोडा, गार वाटंल." तुम्ही पाय सोडता आणि कपाळावरच्या आठ्या जातात. धाकटी शेजारी उकिडवी बसलीय. ती ओरडते, "आबा, तुमच्या पायातनं दूध निघालं!" तुम्ही हसता, कितीतरी दिवसांनी हसता. "पी मग," म्हणता, "म्हशीचं कुठं परवडतंय आपल्याला." आणि ती खरंच ओंजळ भरून पिते. सगळा घाट हसतो. मीही हसलो होतो.

त्या माणसाला मी विचारलं, लगेच प्यायलं तर होतं का? तो म्हणाला, तसं नाही, पिल्लं त्या जिवांच्या पोटात आधी पंधरवडा वाढावी लागतात. म्हणजे ती ओंजळ नव्हे. पण पंधरवड्यानंतर आम्ही कुठलं पाणी पीत होतो? तेच की. मला कसा नाही झाला, देव जाणे.

पुढल्या साली धाकटीच्या गुडघ्याला नारू आला, ओढताना आतच तुटला, आणि पाय आखडला तो आखडलाच. तुम्ही मला पोहऱ्याच्या ओल्या दोरानं मारलंत. दिंडोरीच्या बाजारातून तिला लाल चपला आणल्यात. मला नाय. "तू राहा अनवाणी, म्हणजे कळंल," म्हणालात. चौथीनंतर शाळा सुटलेलीच होती, त्या चपलांनी घरही सुटलं.

ती अजून चपलेशिवाय अंगणात उतरत नाही. गेल्या दिवाळीला लंगडत लंगडत मला भाकरी वाढताना म्हणाली, "दादा, तू वाफ्यात नेलं नसतंस तर मीपण धावले असते. जाऊ दे, आबांनी चपला तरी घेतल्या." आणि मग तुमच्या पायातलं दूध. घरी कुणीही आलं की ती तीच गंमत सांगते, तुमच्यासारखा आवाज काढून. तुमची म्हणून तिच्याजवळ तेवढी एकच गोष्ट उरलीय, आबा, आणि ती नेमकी ही निघावी! 'नारू वाफ्यातून नाही, त्या दुधातून आला', एवढ्या एका ओळीत मी सुटलो असतो. सकाळपासून ती ओळ तोंडात धरून बसलोय.

मनीऑर्डरच्या कुपनावर लिहिलं: पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या, नारूवाल्याला बारवेत पाय घालू देऊ नका, तू नव्या चपला घे. का, ते लिहिलं नाही. जागा नव्हती असं स्वतःला सांगितलं, पण जागा होती. हा कागद ट्रंकेत राहील, टाकणार तरी कुठं. तिला एकशे वीस रुपये पाठवतोय.