चिठ्ठीखालचं नाव

बोईसर, मंगळवार, १२ मार्च १९९६

कारखान्यातून येऊन दोन तास झाले, तरी जयवंत डोक्यातून जात नाही. मुरबे गावचा कोळी, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याला काढून आज महिना झाला.

साहेबांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड त्याने सहज ओळखला. मुलीचंच तर नाव होतं. आत कारखान्यात बनणाऱ्या रंगांची सगळी सूत्रं होती, पण याने एकालाही हात लावला नाही. मॉनिटरवर चिठ्ठी तेवढी चिकटवली, ‘कुलूप कच्चं आहे, बदला’, आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. कुठला चोर नाव लिहून जातो?

तो ऐटीत स्वतःला हॅकर म्हणायचा. साहेबांच्या लेखी हॅकर काय, चोर काय, एकच. त्याच दुपारी त्याला गेटबाहेर काढलं.

गेटवर मी विचारलं, कशाला केलंस? म्हणाला, “आमच्याकडं दुसऱ्याचं जाळं फाटलेलं दिसलं तर आमी गाठ मारतो. मासळी नाय काढत. आन् मालकाला सांगतो, हात मी लावला म्हणून.”

म्हणून ते नाव. ऑफिसात सगळे त्याला चोर म्हणत होते तेव्हा मी मात्र गप्प होते. का? चिठ्ठी कचऱ्यातून उचलली, एवढंच केलं. या वहीतच आहे.

आज साहेबांनी सगळ्यांना अवघड पासवर्ड ठेवायला लावले, कुणालाही ओळखता येऊ नयेत असे. मी त्याच्या गावाचं नाव ठेवलं. कच्चं आहे, ठाऊक आहे. जयवंतला पहिल्याच खेपेला उघडता येईल.