तल्हाच्या हातची माती

मी, फखरुन्निसा यूसुफ मजदलावी, माहेरची परकार, वय वर्षे बासष्ट, व्यवसाय शिवणकाम, राहणार बनेद अल-गार, कुवेत, मूळची दाभोळच्या खाडीकाठची, अल्लाहला हाजिर जाणून हे मृत्युपत्र लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दटावलेले नाही की फूस लावलेली नाही. वकील नंदकुमार यांनी रत्नागिरीहून पाठवलेल्या मसुद्यात "कोणत्याही भीतीपोटी लिहिलेले नाही" असेही एक वाक्य होते. ते मी खोडले आहे. हे मृत्युपत्र मी भीतीपोटीच लिहीत आहे आणि खोट्याखाली सही करण्याची मला सवय नाही.

१. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. त्यांना तल्हाचा कागद ठाऊक नाही.

मला दोन मुले, थोरला तल्हा आणि धाकटी निदा. आई एक, बाप एक, पण विमानतळावर दोघांच्या रांगा वेगळ्या. निदाकडे भारताचा पासपोर्ट आहे. तल्हाकडे पासपोर्टच नाही. त्याच्याकडे बापासारखा वसीका आहे, म्हणजे इजिप्तने पॅलेस्टिनी निर्वासितांना दिलेला प्रवासाचा दाखला. त्यावर नाव इजिप्तचे, पण तो दाखवून इजिप्तमध्येही सहज शिरता येत नाही. तो हातात घेऊन माणूस जिथे उभा असेल तिथेच उभा राहतो.

इथे उभे राहायला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, लागतो आणि इकामा मालकाच्या भरवशावर असतो. तल्हा इथल्या अल-राई भागातल्या ज्या गॅरेजात गाड्यांचे सुटे भाग विकतो, ते मालक विकायला निघाला आहे. नवा मालक मिळाला नाही तर इकामा संपेल. तसे झाले तर इतरांना आपल्या देशी परत जायला सांगतात. माझ्या मुलाला कुठे परत जायला सांगणार? जिन्यात अनोळखी पाऊल वाजले तरी मी शिवणयंत्र थांबवून ऐकत बसते.

२. हे असे का झाले, ते वारसांना आणि वकिलांना कळावे म्हणून लिहिते. त्यात एक जुना हिशेबही आहे, पण तो पैशाचा नव्हे.

माझे वडील कुवेतच्या हवल्ली भागात शिंपीकाम करत. त्या काळी हवल्ली म्हणजे अर्धे पॅलेस्टाईनच होते. मास्तर, डॉक्टर, इंजिनियर, भाजीवाले, सगळे तिकडचे. यूसुफ वडिलांच्या दुकानात पँट आखूड करायला आला आणि पुढे त्याच्या सगळ्याच पँटी आखूड होऊ लागल्या. आमचा निकाह १९८६ साली झाला. त्यांचे गाव अल-मजदल, विणकरांचे. १९४८ च्या लढाईत ते सुटले आणि घरदार गाझाच्या पट्टीत खान युनिसच्या छावणीत आले. माझे सासरे नोकरीसाठी तिथून कुवेतला आले. गाव गेले ते आडनावात उरले, मजदलावी.

तल्हाच्या वेळी मला सातवा लागला आणि आईचा निरोप आला. पहिले बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे विचारायचे काही नसते. आईने मेथीचे लाडू वळायला घेतले होते, तिकीट आले होते. निघायच्या दिवशी सासूबाई दारात आडव्या बसल्या. त्या म्हणाल्या, "मी दहा वर्षांची होते. आईने कणीक मळून वर फडके घातले होते. आठ-पंधरा दिवसांत येऊच, म्हणाली. ती कणीक अजून तिथेच आहे. माझे नातवंड पोटात घेऊन तू हा उंबरा ओलांडायचा नाहीस." मी रडले. यूसुफने जाऊन तिकीट रद्द केले. तल्हा कुवेतमध्ये जन्मला आणि बापाचा कागद घेऊन वाढला.

तो दाभोळला जन्मला असता तर आई भारतीय एवढ्या आधारावर, त्या वेळच्या कायद्याने, भारताचा झाला असता. हे मला वकिलांनी तो शाळेत जायला लागल्यावर सांगितले. आमच्यात तेव्हा कोणाला ठाऊक होते? बाळंतपण म्हणजे लाडू, शेक आणि आईचा हात, एवढेच आम्ही समजत होतो.

मग १९९० साली इराकी फौजा आल्या, पुढच्या वर्षी गेल्या. पॅलेस्टिनी पुढाऱ्यांनी त्या वेळी इराकची जी बाजू घेतली तिची किंमत हवल्लीतल्या साध्या माणसांनी मोजली. इमारतीच्या इमारती रिकाम्या झाल्या. यूसुफच्या चुलतभावांकडे जॉर्डनचे पासपोर्ट होते, ते अम्मानला गेले. आम्हाला कुठे जाता येत नव्हते म्हणून आम्ही राहिलो. लोकांना ते धैर्य वाटले. यूसुफने तीन वर्षांच्या तल्हाला बजावले, "बाहेर अरबी बोलू नकोस, उच्चारावरून ओळखतील. अम्माच्या बोलीत बोल." पोर भीतीने आमची बोली शिकले. आज निदा इंग्रजीत उत्तर देते, पण तल्हाच्या तोंडी अस्सल खाडीकाठची बोली आहे, आणि ती खाडी त्याने कधी पाहिलेली नाही.

१९९४ साली निदाच्या वेळी सासूबाईंनी माझी पेटी स्वतःच्या हाताने भरली. दारात आडव्या बसल्या नाहीत. "जा," म्हणाल्या, "आणि तिकडचा कागद घेऊन ये."

त्या बाईवरचा माझा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबर येईल. तिथे भेट झाली की बघू.

३. दाभोळच्या खाडीकाठचे घर आणि त्याभोवतीची नारळाची वाडी यांतला माझा वडिलोपार्जित हिस्सा निदाला द्यावा. शरीयतप्रमाणे मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. म्हणजे ज्या वाडीत पाऊल ठेवायला त्याला परवानगी लागते, जी त्याला आजवर मिळालेली नाही, तिचे दोन वाटे तल्हाचे! हे मी त्याला सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "अम्मा, माजे नारळ निदाला दे. मना खोबरं धाड." त्याची संमती आहे. ती माझ्यामागे पुन्हा द्यावी लागते म्हणतात, तीही तो देईल. निदाने त्या घरातली पश्चिमेची खोली भाड्याने देऊ नये. कॉट, गादी, पंखा तयार ठेवावा. कोणासाठी, ते विचारणाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

४. सोन्याच्या बांगड्या आणि बँकेत जे असेल ते निदाचे. इकामा संपला की खातेही गोठते, म्हणून तल्हाच्या नावे काही ठेवत नाही. शिवणयंत्र शेजारच्या श्यामलाताईंना द्यावे. त्या नाशिकच्या, त्यांचे यजमान तेल कंपनीत आहेत, यंत्राची त्यांना गरज नाही. पण १९९१ ची गोष्ट ऐकून ज्या बाईने "मग तुम्ही लोकांनी काय केलं होतं?" असे विचारले नाही, अशी मला ती एकच भेटली.

माझा भाऊ सर्फराज याला वडिलांचे भिंतीवरचे बंद पडलेले घड्याळ द्यावे. माझ्या निकाहाच्या वेळी त्याने फोनवर सांगितले होते, "बिन मुलखाच्या माणसाला बहीण देतंव, उद्या ती पण बिन मुलखाची व्हईल." त्याचे बोलणे निम्मे खरे ठरले, म्हणून घड्याळही बंदच द्यावे. त्याने ते दुरुस्त केले तर माझा राग गेला असे समजावे.

५. यूसुफची बहीण लुबना खान युनिसला आहे. आहे असे मी लिहिते. या दोन वर्षांच्या लढाईत तिचे घर पडले, ती तंबूत गेली, तिथून उठवले, दुसऱ्या तंबूत गेली. ती फोनवर आवाज पाठवत असे. पीठ मिळाले, पाणी खारट आहे, धाकट्याला खोकला आहे, आणि शेवटी दरवेळी, "तुम्ही जेवलात ना?" आता बरेच दिवस आवाज आलेला नाही. मी जुनाच लावते आणि "जेवलो" म्हणते. माझा फोन तल्हाने चालू ठेवावा. नंबर बदलू नये.

सासरचे, मजदलला विणलेले कापड माझ्याकडे होते. हिरव्या आणि लाल पट्ट्यांचे, त्याला ते जन्नत आणि जहन्नम म्हणतात. सासूबाईंच्या आईने निघताना त्यात भाकऱ्या बांधल्या होत्या. ते मी आजच तल्हाच्या हातात दिले आहे, म्हणून ते या मृत्युपत्रात धरू नये.

६. आता मुख्य कलम. यासाठीच हे सगळे लिहिले.

निदा म्हणते, "मॉम, बी प्रॅक्टिकल. ऑपरेशन मुंबईत करू." सर्फराज म्हणतो, "आईच्या बाजूला जागा राखून ठेवलंय." दोघांचे म्हणणे मायेचे आहे. मी दोघांना नाही म्हटले आहे. निदाने तिकीट काढून आणले तेव्हा मी दारात खुर्ची टाकून बसले. बसल्यावर माझ्या ध्यानात आले की मी नेमकी कोणासारखी बसले आहे.

मुंबईत मला काही झाले तर तल्हाला येता येणार नाही. दाभोळच्या कब्रस्तानात सारे गाव मला माती देईल आणि माझा एकुलता मुलगा फोनवर बघेल. यूसुफ इथेच गेला; बापाच्या कबरीत तल्हाने तीन ओंजळी माती टाकली आणि त्यानंतर तो शांत झाला. लुबनाच्या घरातल्या कित्येकांना तेवढेही मिळाले नाही. म्हणून माझी आज्ञा आहे, की मी मेल्यास माझा देह भारतात नेऊ नये. मला इथेच सुलैबीखातच्या कब्रस्तानात ठेवावे. तिथे कबरी रांगेने भरत जातात, नवराबायकोला शेजार मिळत नाही. न मिळो. पहिली माती तल्हाने द्यावी. घर, गाव, कागद, यांतले काहीच मला त्याला देता आले नाही. निदान जाऊन उभे राहायला ओळखीची हातभर जमीन देता यावी.

मला मरणाची भीती वाटत नाही, असे लिहून मोठेपणा घेणार नाही. वाटते. पण त्याहून जास्त भीती याची वाटते की मी बेशुद्ध असताना इकामा संपेल आणि शुद्धीवर आल्यावर खोलीत फक्त निदा असेल.

७. सर्वांनी, विशेषतः निदाने, हे कलम न रडता वाचावे. माझ्या मृत्यूच्या वेळी तल्हाला कुवेत सोडावे लागलेले असेल, तर कलम सहा रद्द समजावे. मग मला कुठेही पुरावे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निदाने करावी. कलमांवरून भाऊबहिणीत वाद झाल्यास तल्हाचे ऐकावे. आजवर त्याचे कोणी ऐकलेले नाही.

वकिलांनी कळवले, की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीला राहू नये. शिवणयंत्र माझ्यामागे श्यामलाताईंकडे जायचे, म्हणून त्या बाद झाल्या. त्यांचे यजमान परीक्षित यांनी सही केली. दुसरा साक्षीदार कोण, याचा विचार करावा लागला नाही. या मृत्युपत्रात ज्याला काहीच मिळत नाही असा घरात एकच जण आहे.

तल्हाला मराठी लिहिता येत नाही. त्याची माहिती मी विचारून लिहिली. "राहणार" पुढे मी बनेद अल-गार, कुवेत असे लिहिले. तो खांद्यावरून बघत होता. "काय लिवलंस?" म्हणाला. मी वाचून दाखवले. तो म्हणाला, "अम्मा, कागद हाय. खरं लिव." मग मी एक शब्द वाढवला.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

फखरुन्निसा यूसुफ मजदलावी (सही)

साक्षीदार पहिले: परीक्षित विठ्ठल गायधनी (सही), राहणार बनेद अल-गार, कुवेत. मूळ गाव नाशिक.

साक्षीदार दुसरे: तल्हा यूसुफ मजदलावी (अरबीत सही), राहणार सध्या बनेद अल-गार, कुवेत. मूळ गाव अल-मजदल.

ठिकाण: कुवेत
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५, जुम्मा