हेड मी तासलं होतं

एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा एक आवाज अजून कानात आहे. घरगुती मोटारीचं इंजिन शर्यतीसाठी तयार करून पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा चार सिलिंडर भुजंगप्रयाताच्या चार गणांसारखे एकामागून एक बोलले. तो आवाज ऐकून ज्याचं आयुष्य ठरलं तो मी, वय एकोणऐंशी, धंदा इंजिन-मिस्त्री, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर मुलाला. स्वयंपाकघरातला नळ त्याने आता तरी दुरुस्त करावा.

२. शाळेपासूनची कवितांची वही धाकट्या बहिणीला. चाली तिलाच येतात. त्यात दोन कविता माझ्या आहेत. ओळखल्या तर हसू नये.

३. कारखाना, हत्यारं आणि स्टँडवरचं अपुरं इंजिन मुलीला. त्याचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचं लोखंडी धड, मुद्दाम लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीतला घेतला आहे. तापून-निवून ते लोखंड मुरलंय. शर्यतीत दगा देणार नाही. मुलगा त्याला भंगार म्हणतो. म्हणू दे. विकायचं नाही.

४. सहा वर्षांपूर्वी शर्यतीच्या सरावात आमच्या संघाचं इंजिन फुटलं. ते जुळवलं होतं माझ्या मुलीने. संघाच्या मालकाने तिला सगळ्यांसमोर सुनावलं, "मोजता येत नसेल तर घरी बस!" वास्तविक तिने पिस्टनवर चिकणमाती थापून, इंजिन हाताने फिरवून, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा नीट मोजली होती. त्यानंतर, आणखी थोडी ताकद मिळेल या हावेने, तिला न सांगता मी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व्हचं झाकण, पुन्हा तासून खाली आणलं. जागा उरली नाही. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले. मी गप्प बसलो. ती गेली, ती आजतागायत घरी किंवा कारखान्यात आलेली नाही.

हे कलम माझ्या पश्चात संघाच्या कार्यशाळेत, सगळे मेकॅनिक हजर असताना, मोठ्याने वाचावं. वकिलाने पुटपुटू नये.

स्थळ: कारखान्यामागची खोली. ता. ९ ऑगस्ट, सकाळी साडेदहा.
सही: (मी)
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी २. निवृत्त कंपाउंडर

ता. क. सह्या चालू असतानाच दार वाजलं. शिंपी उघडायला गेला.

"कोण आहे रे?"

"काका, तुमची लेक आलीय."

ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "माझी हत्यारांची पेटी न्यायला आलेय, बाबा. बसणार नाही."

कलम ४ मधले 'माझ्या पश्चात' हे शब्द मी खोडले आहेत. खाडाखोडीपाशी दोन्ही साक्षीदारांनी सही करावी. कार्यशाळेत उद्या मीच जाऊन वाचेन, आधी इथे.

"पेटी देतो," मी म्हटलं. "उभ्याने तर उभ्याने, पण कलम चार ऐक."