करवलीची दोरी

रत्नागिरी,
दि. २६ एप्रिल

ती. सौ. वन्सं यांना,
अक्षयाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नका. तुमच्याकडे फोन नेहमी स्पीकरवर असतो, अर्धं पूर्णगड ऐकतं आणि जिच्याबद्दल बोलायचं ती तिथेच बसलेली असणार. बाबल्याचा टेम्पो रोज मिरकरवाड्यात मासळी घेऊन येतो आणि आमच्या दारावरून परत जातो, तेव्हा आपलं टपालखातं तोच. सानवीलाही त्याच्याबरोबरच पाठवते आहे.

माझ्या आईचं ऑपरेशन नीट झालं, पण मांडीचं हाड आहे. तिला उठवण्या-बसवण्यापासून सगळं मलाच करावं लागतं. तुमच्या दर्शनच्या लग्नाला मला येता येणार नाही, याचं वाईट वाटतं ते निराळंच. ऐन लग्नघाईत तुम्ही माझ्या पोरीला ठेवून घेता आहात, हे मी विसरणार नाही.

आता तिच्याबद्दल. अकरा वर्षांची झाली, पुस्तकं धडाधड वाचते, पण आंघोळीला गेली की बादली भरून वाहते आणि ही खिडकीतली पाल बघत बसते. कोथिंबीर आणायला पाठवली तर मांजराचं पिल्लू घेऊन येते. यंदा प्रकल्प तीन सुरू केले, जमा एकही केला नाही. शाळेने सांगितलं म्हणून डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हा आळस नाही आणि हट्टही नाही. आधी काय, मग काय, कुठे थांबायचं हे सांगणारा एक मुकादम डोक्यात असतो, तो काही मुलांच्यात उशिरा कामाला लागतो. आपण आवाज चढवल्याने तो लवकर येत नाही. तोवर कामाच्या पायऱ्या तिच्या डोळ्यांसमोर दिसतील अशा ठेवा, म्हणाले.

मला पटलं. तुमच्या भावाला नाही. जहाजावरून त्यांचं एकच म्हणणं, नवीन नावं ठेवून लाड करू नका. त्यांनी घाटावरच्या एका वसतिगृहाच्या शाळेत तिचं नाव घातलं आहे. लग्नासाठी सुट्टीवर येतील तेव्हा फी भरून टाकतील आणि जूनला पोर जाईल. तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

भावजींना नमस्कार. माया आहेच, ती जरा जास्त लागेल या महिन्यात.

आपली,
अक्षया

---

पूर्णगड,
दि. १ मे

चि. सौ. अक्षया हिला,
सगुणाचे अ. उ. आ.

पोर पोचली, तिची बॅग पोचली नाही. ती बाबल्याच्या टेम्पोत बर्फाच्या पेटीखाली दोन दिवस गारठून काल घरी आली. बाबल्या सांगत होता की वाटेत त्याला तिने इतके प्रश्न विचारले की तो पावस गावाच्या पुढचं वळणच चुकला. पंचवीस वर्षं त्याच रस्त्यावर आहे मेला!

तुझे डॉक्टर शिकलेले असतील, पण मी म्हणते मुकादम-बिकादम काही नाही. एकुलती एक, लाडावलेली. मी तीन पोरं वाढवली, शिवाय तुझ्या नवऱ्याला, हर्षदला, आईच्या मागे मीच वाढवलं. आठ दिवसांत सरळ करून दाखवते की नाही बघ! आणि एक गंमत ऐक. दर्शनची करवली मी सानवीलाच करणार आहे. सख्खी मामेबहीण असताना दुसरी कशाला? ऐकल्यापासून पोरीचे पाय जमिनीला लागत नाहीत. तांब्याला करवलीच्या हातातला करा समजून दारासमोरच्या खळ्यात सराव चालतो. आमच्या ह्यांनाच नवरा करून उभं करते.

तुला पत्र लिहायला बसवली होती. अर्ध्यात उठून पळाली ती पळालीच. बाबल्या दारात हॉर्न वाजवतोय, म्हणून आहे तसंच सोबत घालते.

तुझ्या आईला जपून उठव. स्वतः दोन घास वेळेवर खा. आमचा लोभ काय, तो विहिरीसारखा, उपसशील तेवढा आहे.

तुझी वन्सं,
सगुणा

---

पूर्णगड,
दि. (आत्याला विचारून लिहिते)

ती. आईस,
सानवीचा शि. सा. न.

मी मजेत आहे. आजीचा पाय कसा आहे? आई, मी करवली आहे!!! दर्शनदादाच्या मागे करा घेऊन उभं राहायचं आणि अजिबात हलायचं नाही. माझा घागरा जांभळा आहे. जांभळावरून आठवलं, मागच्या जांभळीवर धनेश येतो, त्याची चोच त्याच्याहून मोठी वाटते. मी त्याला बघायला गडावर गेले, पण तिथून एक होडी दिसली, तिचं इंजिन बंद पडलं होतं आणि दुसरी होडी तिला ओढून आणत होती. तुला माहितीय का ती दोरी कशी बांधतात? आधी एक

---

रत्नागिरी,
दि. ५ मे

ती. सौ. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

आईला काल धरून चार पावलं चालवली. ती रडली आणि मीही रडले. पण ते बरं रडणं होतं.

सानवीचं पत्र वाचून आधी पोट धरून हसले. मग रात्री तेच पत्र पुन्हा काढलं आणि हसू आलं नाही. वन्सं, या मुलीने आजवर एक गोष्ट शेवटाला नेलेली मी पाहिली नाही. आईला लिहायचं पत्रसुद्धा नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसं मी भिंतीवर तक्ते लावले, गजर लावले. चार दिवस चालतं, मग तक्ता भिंतीवर आणि ती अंगणात. मीही थकले आहे. ह्यांचा कालच फोन होता. मी या वेळी वाद घातला नाही. जाऊ दे वसतिगृहात, तिथे घंटेवर उठेल-बसेल, कदाचित तेच बरं.

आणि हात जोडून सांगते, तिला करवली करू नका. भर मांडवात करा टाकून ती फुलपाखरामागे गेली तर लोक हसतील, आणि ती ते जन्मभर विसरणार नाही. तिची समजूत मी फोनवर काढीन.

रागावू नका. तुमच्या विहिरीतून आणखी एक घागर काढली म्हणा.

आपली,
अक्षया

---

पूर्णगड,
दि. ११ मे

चि. सौ. अक्षया हिला,
अ. उ. आ.

अगं, फोन करून तिची समजूत काढू नकोस! बाकीचं सगळं सोड आणि आधी हे वाच.

मी हरले, हे पहिलं कबूल करते. परवा तिला सांगितलं, गोदाकडून विड्याची पानं आण, येताना भटजींना निरोप दे आणि जाताना मागचं दार ओढून घे. दार उघडं राहिलं. निरोप दिला, तो भटजींच्या शेजाऱ्याला. पानं आणली, पण ओटीवर ठेवून मुंग्यांची रांग बघत बसली आणि गोदाची शेळी उघड्या दारातून येऊन सगळी पानं खाऊन गेली! मी इतकी ओरडले की समोरची यमुनाबाई बाहेर आली. पोर रडत रडत मला म्हणाली की आत्या, तू सांगतेस ते सगळं मला कळतं, पण दुसरं ऐकलं की पहिलं हातातून पडतं, आणि तू रागावलीस की तिन्ही पडतात. अक्षया, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

काल सकाळी आगोटीचे, पावसाळ्याच्या बेगमीचे, सुके बोंबील दोरीवरून काढत होते. सानवीने विचारलं, एका टोकापासूनच का काढतेस? मी म्हटलं, म्हणजे कुठवर आले ते बघताक्षणी कळतं, लक्षात ठेवावं लागत नाही. ती माझ्याकडे टकमक बघत राहिली आणि धूम पळाली. म्हटलं, गेली हिची स्वारी. तर कपड्यांचे चिमटे घेऊन आली! ओटीवर दोरी बांधून घेतली आणि तिच्यावर ओळीने ब्रश, टॉवेल, फणी, रिबीन आणि दुधाच्या कपाचा कान अडकवला. एकेक काढायचं, वापरायचं, पुढचं काढायचं. आज पोर माझ्याआधी तयार होऊन माझी वाट बघत होती. माझी!

तुझे तक्ते वाईट नव्हते गं, पण ते तू केलेले. ही दोरी तिची आहे. आणि तुझ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. त्यांचा मुकादम म्हणजे आमचा तांडेल. खलाशी चांगले, जाळं चांगलं, पण होडी हाकणारा तांडेलच आला नाही, तर खलाशांना शिव्या देऊन काय उपयोग? आजवर आपण तेच करत होतो.

आता दुसरी दोरी देवघराबाहेर लागली आहे. लग्नात भटजी ज्या क्रमाने वस्तू मागतील त्या क्रमाने पिशव्या. मुंडावळ्या, अंतरपाट, अक्षता, हार, मंगळसूत्र, लाह्या, सुपाऱ्या. भटजींना बसवून तिने दोनदा विचारून घेतलं. मंगळसूत्र हर्षद सोनाराकडून घेऊन येणार, म्हणून तिथे रिकामी लाल पिशवी. करवली तीच होणार, तुला काय वाटायचं ते वाटो.

तुझी आई चार पावलं चालली, हे वाचून आमच्या ह्यांनी गणपतीला नारळ ठेवला. आज माझा लोभ उतू जातोय, सांभाळून घे.

तुझी,
सगुणा

---

रत्नागिरी,
दि. १६ मे

ती. सौ. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र बाबल्या परत येईल तेव्हा त्याच्या हाती देईन. आत्ता तुमच्या मांडवात अक्षता पडत असतील आणि मी इथे आईच्या उशाशी जीव मुठीत धरून बसले आहे.

सकाळी ह्यांचा फोन आला. आवाज कसासाच. खुंटीवरच्या खाकी पँटचा उजवा खिसा बघ, एवढंच म्हणाले. बघते तर सोनाराची डबी! मुंबईहून आल्यावर परवा कपडे बदलून इथून निघाले ना, ती इथेच राहिली. बाबल्या मासळी उतरवून निघतच होता, त्याच्या हाती डबी दिली आणि देवाचं नाव घेतलं. पुढे काय झालं ते कोणी सांगेना, फोन कोणी उचलेना. वेळेत पोचली का? सानवी कुठे आहे? कुठेतरी भरकटली तर नाही ना? दोन ओळी तरी लिहा हो.

तुमच्या मायेच्या वाटेकडे डोळे लावून,
अक्षया

---

पूर्णगड,
दि. १७ मे

चि. सौ. अक्षया हिला,
अ. उ. आ.

पोचली! वेळेआधी पोचली! तुझी भाचेसून, म्हणजे आपली तेजस्वी, लांज्याची पोर, अशी गोड दिसली म्हणून सांगू. पण तिच्याबद्दल पुढच्या वेळी. आज करवलीचं ऐक.

हर्षद आल्यापासून सानवी त्याच्या मागे लागली होती की लाल पिशवी रिकामी आहे. तो दर वेळी म्हणे, बॅगेत आहे, देतो. लग्नाच्या दिवशी सकाळी ती बॅगेसमोर येऊन उभी राहिली. रिकाम्या चिमट्यावरून तिला पुढे जाताच येत नव्हतं म्हणे. शेवटी त्याने वैतागून बॅग उघडली, आणि मग उलटी केली. अगं, त्याचा चेहरा! पोरीने दोरी-चिमट्यांशिवाय, तोंडानेच क्रम सांगितला की बाबा, आधी आईला फोन, मग बाबल्याकाकाला. तिने असा पिच्छा पुरवला नसता, तर भटजींनी मंगळसूत्र मागितल्यावरच कळलं असतं आम्हाला.

मंगलाष्टकं भटजींनी एवढी लांबवली की मोठी माणसं पाय बदलत होती. सानवी करा धरून खांबासारखी उभी. मांडवात आणून बांधलेल्या दोरीच्या शेवटच्या चिमट्याकडे बघत होती. मात्र तिची एक वेणी घातलेली आणि दुसरी मोकळी, आणि पायांत काहीच नव्हतं. स्वतःसाठी दोरी बांधायची राहिली! अक्षता पडल्या तशी एवढ्या जोरात उडी मारली की कऱ्यातलं पाणी भटजींच्या अंगावर. सगळा मांडव हसला, पण ते हसणं आपलं होतं गं, आणि सर्वांत मोठ्याने तीच हसत होती.

जेवणं झाल्यावर हर्षद त्या रिकाम्या दोरीपाशी जाऊन उभा राहिला. मी गेले आणि त्याला म्हटलं, लहानपणी दप्तर विसरून शाळेत जायचास, आता जहाजावर एवढी मोठी इंजिनं कशी सांभाळतोस रे? तर म्हणाला, तिथे प्रत्येक यंत्राशेजारी पायऱ्यांची पाटी असते ताई, ती वाचल्याशिवाय कोणी हात लावत नाही, आणि पाटी वाचतो म्हणून मला आजवर कोणी आळशी म्हटलेलं नाही. मग खळ्याच्या कडेला जाऊन घाटावरच्या त्या शाळेत फोन लावला. नाव काढून घेतलं. मी कान देऊन ऐकलं, मला लाज नाही.

पोर तुझ्याजवळच राहणार. दोरीची मापं घेऊन ठेव. लोभ आता तिघांत वाटून घ्या.

तुझी वन्सं,
सगुणा

---

पूर्णगड,
दि. १९ मे

ती. आईस,
सानवीचा शि. सा. न.

आई, मी पडले नाही आणि करा पण पडला नाही! भटजी भिजले, पण ते म्हणाले उकाडा होताच.

हे पत्र मी दोरीवर लिहिते आहे. म्हणजे पाच चिमट्यांना पाच कागद लावलेत. पहिला लग्नाचा, तो झाला. दुसरा आजीचा. आजीला सांग, चालायला कंटाळा आला तर खोलीभर दोरी बांधू आणि दर चिमट्याला एक खोबऱ्याची वडी लावू. तिसरा बाबांचा. बाबांनी पण एक दोरी मागितली, स्वतःच्या खोलीला. मी त्यांना चिमटे माझ्यातलेच दिले. मध्ये धनेश आला होता, मी त्याला बघून आले. पण परत आले, कारण कागद लटकत होते.

चौथा होडीच्या दोरीचा, ती गोष्ट मागच्या वेळी राहिली होती. आधी एक मोठा फास करून तो पुढच्या होडीला घालतात, मग दोरी सैल सोडतात आणि हळूहळू ताणतात. एकदम ओढली तर तुटते. झालं.

आता एकच चिमटा उरला. तो तुझा आहे. मी रविवारी येते. लोभ असावा, आणि असतोच हे मला माहीत आहे.

तुझी,
सानवी

(आई, संपलं! खरंच संपलं!)