उजव्या कोपऱ्यातला रिकामा चौकोन

मुलुंड, बुधवार, १६ मार्च १९८८

प्रिय भीमराज,

तुझ्या मानखुर्दच्या शेडमध्ये भिंतीला चिकटवलेला कागद आपल्याच तक्त्याचा आहे, हे आज दुपारी दत्ताराममामांनी सांगितलं. रसायनं पोचवायला ते आमच्याकडे येतात तसे तुझ्याकडेही जातात. कागदाच्या माथ्यावर आमच्या फॅक्टरीचं नाव तसंच आहे म्हणे. "निदान तेवढं तरी खोडायचं ना गं त्याने!" म्हणून हसत होते. जाता जाता म्हणाले, "तेवढ्याच रबराला तुम्ही औषधाचे दोन डबे घेता, त्याने एकच मागवला. कंजूस झालाय तुझा दोस्त." ते गेल्यावर लगेच हे लिहायला बसले.

चोर म्हणायला लिहीत नाहीये रे. तीस जानेवारीला, तुझ्या शेवटच्या दिवशी, तू तक्त्याची फ्लॉपी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत सरकवलीस ती मी पाहिली होती. दोन वर्षं तू लॅबमध्ये पट्ट्या ताणून तोडल्यास आणि मी कॉम्प्युटरवर सूत्रं बसवली: रबर किती, गंधक किती, रबर लवकर तडकू नये म्हणून औषध किती. तक्ता कंपनीचा, मान्य. पण निम्मा तुझा, असं मला वाटायचं. म्हणून गप्प राहिले.

आई परवा विचारत होती, भीमराज हल्ली फिरकत नाही का. तुझ्यासाठी काढून ठेवलेली कोकमाच्या आगळाची बाटली तिने अजून कुणाला दिलेली नाही.

तुला एक गोष्ट माहीत नाही. डिसेंबरात शिवदास साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तक्ता कुणी बाहेर नेलाच तर त्याच्या उपयोगी पडता कामा नये, असं काहीतरी कर आणि कुणाला बोलू नकोस, म्हणाले. मी केलं. तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात, पडद्यावर दिसत नाही इतक्या लांब, एक चौकोन आहे. सकाळी मी त्यात एक आकडा भरते, संध्याकाळी पुसते. तो रिकामा असला की तक्ता औषध निम्मं दाखवतो. चोराला पटकन कळू नये म्हणून मुद्दाम तक्त्यातला सगळ्यात लहान आकडा, औषधाचाच, धरला. तेव्हा फार हुशारी वाटली होती.

वाटलं, आठ दिवसांत तुला चूक दिसेल, तू भांडायला येशील. खरं सांगू? तू यावंस म्हणूनही मी गप्प होते. पण "अनुपमाचे आकडे मी तपासत नाही," असं तू सगळ्या लॅबला ऐकवायचास, तेच मी विसरले.

नवी नळी झकास दिसेल. वाकवलीस तरी काही कळणार नाही. शेगडीमागच्या उष्णतेत चार-सहा महिन्यांत तिला तडे जातील, आणि ती गॅसची नळी आहे, भीमराज. शनिवारी तुझा पहिला माल दुकानांत जाणार असं मामा म्हणाले. तो जाऊ देऊ नकोस. औषध दुप्पट घाल, बाकीचे आकडे बरोबर आहेत. जे बाहेर जाऊ नये म्हणून साहेबांनी माझ्यावर विश्वास टाकला, तेच मी हे लिहून देतेय. उद्या सकाळी मामा तुझ्याकडे हे पत्र पोचवतील, त्याच वेळी मी साहेबांना सगळं सांगेन, तुझ्या नावासकट. ते काय करतील ठाऊक नाही. शनिवारी मात्र मी शेडवर येतेय. तयार नळ्या कापायला दोन सुऱ्या काढून ठेव.

तुझीच,
अनुपमा